गोंदणाची जखम

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली गेले. या नव्या काबिजादींतील रहिवाशांचे धर्माचार व रूढी राखण्याचे वचन सत्तेने दिले होते. त्यामुळे सावंतवाडीकडच्या समाजाशी जुळणारे कित्येक आचार तेथे टिकून राहिले. गोंदण हा त्यांपैकीच एक.

बहुधा लग्नाआधीच मुलीच्या कपाळावर, हनुवटीवर किंवा हातावर गोंदीत. वनस्पतीच्या रसात खललेली काजळी सुईने त्वचेत उतरवीत आणि वर हळद लावीत. मरणसमयी दागिने मागे राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी श्रद्धा होती. जखम लवकर सुकली की श्रेय हळदीला मिळे. त्यातला मोठा वाटा कोवळ्या, निरोगी वयाचा असे.

आता सुई यंत्राची झाली आणि गोंदवून घेणारे पुष्कळदा प्रौढ असतात. मधुमेहात साखर वाढलेली राहिली, तर जखम उशिरा भरते व तीत पू होण्याची भीती वाढते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, आढळले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास त्वचा नाजूक होते व जखम भरणे मंदावते. मात्र गोंदणासाठी अशी औषधे आपल्या मनाने थांबविणे अधिक घातक; आधी डॉक्टरांना विचारणेच इष्ट.

आजीचे गोंदण सुकले म्हणून नातीचेही सुकेल, असे मानताना वय आणि व्याधी यांचा हिशेब विसरून चालणार नाही.