चिक्की आणि फज : एका पाकाची दोन कुळं

लोणावळ्याच्या बाजारात चिक्की आणि फज शेजारीशेजारी मांडलेले असतात. दोन्हींचा जन्म गोड पाकातून, पण चिक्की दाताखाली कडकन तुटते आणि फज जिभेवर विरतो. हा फरक दूध-लोण्याचा, असं कोणीही सांगेल. मला ते उत्तर अपुरं वाटतं. फज हा बारीक स्फटिकांचा गोळा आहे, आणि चिक्की ही चक्क काच आहे.

स्थायूचे कण जागच्या जागी थरथरतात, द्रवाचे एकमेकांवरून घसरतात, वायूचे मोकाट सुटतात, एवढं शाळेत शिकवतात. चिक्की यात नीट बसत नाही. पाक उकळताना पाणी वाफ होऊन जातं. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्यात पाणी जेमतेम शेकडा एक-दोन उरतं. थेंब गार पाण्यात टाकून काढला तर ताटलीत टण् वाजतो. हा पाक दाण्यांसकट तेल लावलेल्या ओट्यावर ओतून झटपट लाटला, की साखरेच्या रेणूंना रांगेत उभं राहायला सवडच मिळत नाही. द्रवात होते तसेच अस्ताव्यस्त ते थिजतात. खिडकीची काचही अशीच घडते. पुरावा लाटण्याखाली आहे. स्फटिक ठरावीक तापमानाला वितळतो, पाक मात्र हळूहळू आवळत जातो, आणि तेवढ्याच अवधीत सुरी चालवता येते.

फजची रीत उलटी. सुमारे ११५ अंशांवर उतरवायचा, न हलवता कोमट होऊ द्यायचा, मग घोटायचा. घोटल्यावर असंख्य स्फटिक एकदम धरतात, म्हणून एकही जिभेला टोचण्याइतका वाढत नाही. त्याचं कूळ अमेरिकेतलं. १८८८ साली व्हासार कॉलेजात आपण तीस पौंड फज केल्याचं एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने पुढे पत्रात लिहिलं. लोणावळ्यात त्याला नाव मिळालं ते कूपरच्या दुकानामुळे.

चिक्कीचं कूळ मात्र वादाचं. लोणावळ्यात चिक्की विकणाऱ्या मगनलाल घराण्याच्या नावावर सांगतात ती कथा अशी : रेल्वेच्या मजुरांसाठी गूळ, दाणे आणि तुपाची गुडदाणी विकली जाई, तिचीच पुढे चिक्की झाली. लोणावळ्याखालच्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं काम १८५६ ते १८६३ चाललं, ऐन भरात तिथे ४० हजारांहून अधिक मजूर होते. तेव्हा गिऱ्हाईक होतं, हे खरं. पण रोज ताजं खाणाऱ्याला काचेइतका कडक खाऊ कशाला हवा? तिळाची वडी आणि उत्तरेची गजक यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांचंही मी अर्धंच मानतो. पाकाची विद्या जुनी असेल, पण शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आलेला, त्यामुळे दाण्याच्या चिक्कीला फार प्राचीन पूर्वज शोधण्यात अर्थ नाही.

माझा कौल मजुराला नाही, प्रवाशाला आहे. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लागे, आणि ते लोणावळ्यात सोडायचं म्हणजे गाडी थांबणं आलंच. थांबलेल्या गाडीतला माणूस घरच्यांसाठी पुडकं घेतो, आणि पुड्यात मऊ गुडदाणीचा लगदा होतो.

यावर बळकट साक्ष हवामानाची आहे. बाजारात ‘चिक्कीचा गूळ’ वेगळा मिळतो. त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज अधिक असतं, ते साखरेच्या रेणूंमध्ये लुडबुडून स्फटिक धरू देत नाही. पण तीच लुडबुड काचेला लवकर मऊ करते आणि हवेतलं पाणीही ओढते. पाणी शिरलं की थिजलेले रेणू पुन्हा सरकू लागतात, चिक्की चिकटते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावाने स्वतःसाठी असा खाऊ निवडला असता का? मुंबईची हवाही दमटच, हा आक्षेप मान्य. पण पुडकं मुंबईला पोचून फुटेपर्यंत टिकलं की विकणाऱ्याचं काम झालं. चिक्की लोणावळ्याची खरी, पण ती लोणावळा सोडून जाणाऱ्यांसाठीच घडली.