कोकेशी : मुठीतून कपाटात

आमच्या बैठकीच्या खोलीत काचेचे एक कपाट आहे. महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढलेल्या मराठी माणसाच्या घरी असावे, तसेच ते आहे. वरच्या फळीवर सावंतवाडीची लाकडी फळे, त्यांच्या शेजारी कोंडापल्लीचा अंबारीचा हत्ती, चन्नपट्टणची लाखेने चकाकणारी बाहुली; आणि या मंडळींत गेली काही वर्षे एक परदेशी पाहुणी उभी आहे. उंची वीतभर, डोके वाटोळे, खाली सरळसोट लाकडी दंड, त्यावर तांबड्या रंगात काढलेली शेवंतीची फुले. हात नाहीत, पाय नाहीत. डोके पिळले की ती बारीकसा ‘कुई’ असा आवाज करते. ही जपानची कोकेशी.

परवा घरी आलेल्या एका चार वर्षांच्या मुलीने ती मागितली. “बाळ, ती खेळायची नाही हं, नुसती बघायची,” असे उत्तर आमच्या तोंडून सहज निघून गेले. पाठोपाठ मात्र आम्हांस ओशाळल्यासारखे झाले. कारण कोकेशीचा इतिहास आम्हांस थोडाबहुत ठाऊक होता, आणि त्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता ती मुलगीच बरोबर होती.

जपानच्या मुख्य बेटाचा ईशान्य भाग म्हणजे तोहोकू. डोंगर, दाट वने आणि महिनोन् महिने न हटणारे बर्फ, असा हा मुलूख. या डोंगरांतून ‘किजिया’ नावाचे फिरते कातारी राहत. झाडे तोडावीत, लाकूड फिरते ठेवून त्यावर हत्यार धरावे, वाडगे आणि तबके कातावीत, आणि जवळपासचे झाड संपले की पुढच्या डोंगराकडे निघावे, असा त्यांचा क्रम. नवव्या शतकातील कोरेताका या राजपुत्राने आपणांस ही विद्या दिली, असे ते सांगत, आणि त्याच आधारावर कोणत्याही डोंगरावरील झाड तोडण्याचा हक्क सांगत. कारागिराने आपल्या धंद्याचे मूळ राजकुळाशी किंवा देवाशी नेऊन जोडावे, हे आमच्याकडील पांचाळांना परके वाटणार नाही.

याच डोंगरांत उन्हाळी आहेत, म्हणजे गरम पाण्याचे झरे. शेतीची कामे आटोपली की शेतकरी कुटुंबे तेथे येत, दिवसचे दिवस राहत, आणि वर्षभराचा शीण त्या पाण्यात सोडून देत. परतताना मुलाबाळांसाठी काहीतरी घेऊन जाणे ओघानेच आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केव्हातरी या यात्रेकरूंसाठी कातारी लहानशा बाहुल्या कातू लागले. हात-पाय नसण्याचे मुख्य कारण साधे आहे. लेथवर जे फिरते ते वाटोळेच निघते. पण त्यामुळे एक सोय अशी झाली की बाहुलीचे अंग मुलाच्या मुठीत नेमके बसे. मुली तिला चिंधीत गुंडाळीत, पाठीशी बांधीत आणि आपण आई होत. अंगावरचा तांबडा रंगही केवळ शोभेचा नव्हता. तांबडी वस्तू जवळ असली की देवीचा आजार मुलाला शिवत नाही, अशी त्या काळच्या जपानात समजूत होती.

लाकूड बहुधा ‘मिझुकी’ या झाडाचे. ते पांढुरके असते, आणि कित्येक महिने वाळवल्याखेरीज त्याला हत्यार लावीत नाहीत. नारुको गावची रीत विशेष पाहण्यासारखी आहे. धडाला वर भोक पाडून ते लेथवर फिरते ठेवतात, आणि वेगळ्या कातलेल्या डोक्याचा दांडा त्या भोकात दाबून बसवतात. घर्षणाने लाकूड तापते, डोके आत शिरते, आणि थंड झाले की पुन्हा निघत नाही, फिरते मात्र. आमच्या पाहुणीचा तो ‘कुई’ यातूनच येतो. फुकुशिमाकडील त्सुचियू गावी फुलांऐवजी अंगावर वलये असतात. लाकूड फिरत असतानाच त्यावर कुंचला टेकवून ती उमटवतात. अशी साधारण अकरा घराणी आजही मोजली जातात. आमच्या संगीतातल्याप्रमाणे तेथेही चेहऱ्याची ठेवण गुरूकडून शिष्याकडे जाते, आणि जाणकार नुसत्या भुवईवरून घराणे ओळखतो.

मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, वनांवर सरकारी मालकी आली आणि किजियांचे जुने हक्क संपले. भटकंती थांबली, आणि पुष्कळजण उन्हाळ्यांच्या गावीच स्थिरावले. पुढे पत्र्याची आणि सेल्युलॉइडची खेळणी आली. ती स्वस्त होती आणि नवलाची होती. मुलांनी कोकेशी टाकून दिली. मुलांना यात दोष देता येत नाही. पत्र्याची गाडी चालते, आणि कोकेशी फार तर कुरकुरते.

पण ज्या वेळी मुलांनी ती खाली ठेवली, त्याच सुमारास मोठ्यांनी ती उचलली. सेंदाई शहरचे अमाए तोमिया यांनी १९२८ मध्ये या बाहुल्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. केवळ कोकेशीला वाहिलेले पहिले पुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो. संग्राहक गावोगाव हिंडू लागले, काम सोडलेल्या वृद्ध कारागिरांना शोधून ‘पुन्हा करा’ म्हणून विनवू लागले. तोपर्यंत या बाहुलीला एक नावही नव्हते. कोठे देको, कोठे होको, कोठे किबोको. १९४० च्या जुलैत संग्राहक मंडळी नारुको येथे जमली, आणि ‘कोकेशी’ हेच नाव, तेही चिनी चित्राक्षरे टाळून साध्या हिरागाना लिपीत लिहावे, असे त्यांनी ठरविले. कारागीर बाहुलीच्या तळाशी आपले नाव लिहू लागले. मुलाला कर्त्याच्या नावाशी काय कर्तव्य? ते नाव संग्राहकासाठी होते.

आमच्या मते येथेच कोकेशीचा खरा इतिहास आहे, आणि तो जितका समाधानाचा तितकाच अवघड आहे. संग्राहक नसते तर ती कला बुडाली असती, यात शंका नाही. परंतु त्यांनी वाचविली ती वस्तू आणि बुडत होती ती वस्तू या दोन्ही एकच का? मुलाने चोखलेली, चिंधीत घोळलेली, रंग उडालेली बाहुली झिजून संपण्यासाठीच होती. कपाटातली न झिजण्यासाठी आहे. कारागीर डोळे काढताना पूर्वी पाहत असे मुलाकडे; आता त्याला समीक्षकाकडे पाहावे लागले. त्याची रेघ त्यामुळे अधिक नाजूक झाली हेही कबूल केले पाहिजे. उत्कृष्ट म्हणून मानल्या जाणाऱ्या कितीतरी कोकेशी या दुसऱ्या काळातल्याच आहेत.

खेळ संपला की वस्तूभोवती कथा जमू लागतात. १९६० च्या दशकापासून असे पसरले की ‘को’ म्हणजे मूल आणि ‘केशी’ म्हणजे पुसून टाकणे. दुष्काळात आईबापांनी ज्या अर्भकांना संपविले, त्यांची ही स्मारके होत. तोहोकूत दुष्काळ पडत, आणि बालहत्याही होत, हे खरे. म्हणूनच ही कथा मनाला झोंबते आणि आजही सांगितली जाते. पण जुन्या कागदपत्रांत तिला आधार नाही. ज्या नावावर ती उभी आहे ते सर्वत्र रूढ झाले तेच मुळी विसाव्या शतकात, आणि जुन्या नावांत तो अर्थ कोठेच नाही. मुलाच्या आरोग्यासाठी तांबडी रंगविलेली वस्तू मेलेल्या मुलाची ठरावी, हा त्या शेतकऱ्यांवर अन्यायच आहे.

महायुद्धानंतर कोकेशीला पुन्हा बरे दिवस आले. घराण्यांची रीत न पाळणारी नवी ‘सर्जनशील’ कोकेशी निघाली. शिरोइशी येथे १९५९ पासून स्पर्धा भरू लागली. १९८१ मध्ये मियागी प्रांताच्या कोकेशीला सरकारने पारंपरिक शिल्प म्हणून मान्यता दिली. असो.

ती मुलगी पुढच्या खेपेस आली तेव्हा आम्ही होऊन कपाट उघडले. तिने कोकेशीचे डोके पंधरा-वीस वेळा पिळले, आवाज ऐकला, बाहुली उलटी करून तळाची अक्षरे पाहिली, आणि मग अंबारीचा हत्ती मागितला. तो मात्र आम्ही दिला नाही. कोंडापल्लीचे लाकूड फार हलके असते, आणि त्याची सोंड एकदा चिकटवून झाली आहे.