विजेची गिटार : बिघडलेल्या आवाजाचा इतिहास



वाद्यांचा इतिहास सांगावयाचा म्हटले की आपल्याकडे बहुधा वादकांची चरित्रे सांगितली जातात. वाद्य घडविणारा, त्याची घोडी घासणारा, तडकलेला भोपळा सांधणारा कारागीर त्या इतिहासात क्वचितच डोकावतो. मिरजेचे तंबोरे देशभर गेले. पण ज्यांच्या हातून ते गेले त्यांतील दोन नावे सांगा असे कोणी विचारले, तर मोठमोठे रसिकही गप्प बसतील. आज आम्ही विषय घेतला आहे तो विजेच्या गिटारीचा. या वाद्याच्या बाबतीत ही उणीव फारच खटकते. कारण या वाद्याचा आवाज वादकाइतकाच, किंबहुना कधी कधी वादकाहूनही अधिक, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसांनी घडविला आहे.

या वाद्याच्या साधनसामग्रीवर जीव टाकणाऱ्या हौशी मंडळींचा आज जगभर एक पंथच झाला आहे. ही मंडळी एकत्र जमली की गाणे कोणते यापेक्षा ते कोणत्या यंत्रातून वाजविले यावर अधिक बोलतात. गिटारीचे लाकूड कोणते, पिकपवर तारेचे वेढे किती, ध्वनिवर्धकातील व्हॉल्व्ह कोणत्या कारखान्याचे, पायाने दाबावयाच्या पेडलमधील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा की सिलिकॉनचा, इतकेच काय, त्यात घातलेला सेल कोणत्या जातीचा, यावर रात्रीच्या रात्री जागविल्या जातात. बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटते. आम्हांला ते सर्वस्वी खूळ वाटत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे घ्यावा की मागे, यावर आमचे गवई मैफिलीपूर्वी अर्धा अर्धा तास घालवीत आले आहेत, तेव्हा आपण तरी कोणाला हसावे? मात्र ज्या आवाजासाठी ही सारी धडपड चालते तो आवाज मुळात कोणी ठरवून केलेला नाही, तो बिघाडातून आला, ही गोष्ट या चर्चांत बरेचदा निसटून जाते.

मूळची अडचण साधी होती. १९२० नंतरच्या अमेरिकेत नृत्याचे मोठे वाद्यवृंद आले. तुताऱ्या, सॅक्सोफोन, ढोल यांच्या गदारोळात बिचाऱ्या गिटारीचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचेना. त्यातच १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनापासून अमेरिकेला हवाई बेटांतील गिटारीचे वेड लागले होते. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूचा तुकडा सरकवीत वाजवितात. मिंड तीत सुरेख निघते, पण आवाज नाजूक. लॉस एंजेलिसमधील जॉर्ज बोशँप हा अशाच गिटारीचा वादक. त्याने १९३१ साली अॅडॉल्फ रिकेनबॅकर याच्या साहाय्याने एक अजब वाद्य तयार केले. नालेच्या आकाराचे दोन लोहचुंबक, त्यांत तारेचे वेटोळे आणि त्यावरून जाणाऱ्या पोलादी तारा, एवढीच त्याची करामत. फॅरडेने १८३१ मध्ये जो नियम सिद्ध केला होता तोच येथे राबत होता : चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार थरथरली की ते क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात तितक्याच कंपनांची वीज उत्पन्न होते. ती क्षीण वीज रेडिओसारख्या यंत्राने वाढवून लाउडस्पीकरला द्यावयाची. पुढे ॲल्युमिनियमचे ओतून काढलेले हे वाद्य दिसावयाला इतके अवलक्षणी होते की लोक त्याला तवाच म्हणू लागले. त्याचे पेटंट मिळावयास १९३७ साल उजाडले. तोवर इतरांनी आपापली दुकाने थाटली होती.

हवाई गिटारीची ही लाट आपल्याकडेही आली, हे येथे जाता जाता सांगावयास हवे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारीवर वाजविलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघर गेल्या, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तेच वाद्य थेट रागदारीत आणले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला काबरांची गिटार आहे.

आता अमेरिकेत परत जाऊ. पोकळ गिटारीला पिकप लावला की नवाच उपद्रव सुरू होई. लाउडस्पीकरमधून निघालेला आवाज गिटारीच्या पोकळ पेटीला हलवी, ते हलणे पुन्हा पिकपमध्ये जाई आणि यंत्र कर्कश आरोळी ठोकी. यावर उपाय म्हणजे पेटीच काढून टाकणे. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास पाइन लाकडाच्या ओंडक्यावर तारा चढविल्या. पॉल बिग्जबी याने १९४८ साली मर्ल ट्रॅव्हिस या गायक-वादकासाठी भरीव लाकडाची गिटार त्याच्या सांगण्याबरहुकूम बनवून दिली. पण या कल्पनेला कारखान्यात आणले ते लिओ फेंडर याने.

फेंडर हा मोठा विलक्षण मनुष्य. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. एक डोळा लहानपणीच गेलेला. गिटार वाजविणे त्याला जन्मभर आले नाही! वादक दुकानात येत, तक्रारी सांगत, आणि हा त्या तक्रारींवर इलाज शोधी. दांडी वाकली तर ती स्क्रू काढून बदलता यावी, पिकप बिघडला तर चटकन हाती यावा, असा त्याचा दुरुस्तीवाल्याचा विचार. १९५० साली त्याची भरीव गिटार बाजारात आली. १९५१ मध्ये तिला टेलिकास्टर हे नाव मिळाले आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. त्याचे ध्वनिवर्धकही याच विचाराचे होते. आवाज मोठा व्हावा पण स्वच्छ राहावा, हे त्याचे ध्येय. आवाज फाटला म्हणजे यंत्राचा दोष, आणि दोष काढून टाकावयाचा असतो, याबद्दल त्याला शंका नव्हती. कोणाही प्रामाणिक कारागिराला नसती.

वादकांना मात्र तो दोषच आवडला. हे का घडले ते समजून घ्यावयाचे तर व्हॉल्व्हचा स्वभाव थोडा पाहावा लागेल. व्हॉल्व्हची एक कुवत असते. तिच्यापलीकडे त्याला दामटले की ध्वनिलहरीचे उंच शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे नवे स्वर उमटतात. आवाज भरदार, खरखरीत होतो. शिवाय जोराचा आघात छाटला गेल्यामुळे आघात आणि त्यानंतरचा क्षीण होत जाणारा नाद यांतील अंतर कमी होते, म्हणजे आमच्या भाषेत सांगावयाचे तर आस लांबते. छेडताच विझणारी गिटार सारंगीसारखी लांब स्वर धरू लागते. आमच्या तंबोऱ्याची जवारी तरी काय आहे? तार घोडीला निर्मळपणे न सोडता तिला मुद्दाम घोडीवर घासू द्यावयाचे, आणि त्या घासण्यातून स्वरांचा पिसारा फुलवावयाचा. जवारी लाकडात व धाग्यात होते, ही फाटणी विजेत होते. जाती निराळ्या, पण कानाची ओढ एकच.

हा दोष मिळविण्यासाठी मंडळींनी काय काय केले! लिंक रे याने १९५८ च्या सुमारास लाउडस्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ साली लंडनच्या किंक्स या वृंदातील डेव्ह डेव्हिस या पोराने आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या लाउडस्पीकरला दाढीच्या पात्याने चिरा दिल्या. पण सर्वांत मौजेची हकीकत नॅशव्हिलची. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचे मुद्रण चालू असता नियंत्रण-मेजाचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचे वादन घशात कफ दाटल्यासारखे उमटले. ते पुसून टाकावे की ठेवावे यावर खल झाला आणि ठेवावयाचे ठरले. पुढे इतर कलावंतही तो आवाज मागू लागले, पण तो बिघडलेला भाग एव्हाना पुरता निकामी झाला होता. तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने ट्रान्झिस्टर वापरून तोच बिघाड एका छोट्या पेटीत बांधून दाखविला. गिब्सन कंपनीने १९६२ साली ती पेटी 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकावयास काढली. पायाने कळ दाबली की बिघाड चालू, पुन्हा दाबली की बंद.

आणि कंपनीने ती विकली कशी? तर हिच्या योगे गिटार तुतारीसारखी, चेलोसारखी वाजेल असे सांगून! बिघाड हाच तिचा माल आहे हे खुद्द विकणाऱ्यालाही उमगले नव्हते. पहिला उत्साह ओसरल्यावर पेट्या पडून राहिल्या. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्याचा आरंभीचा तुकडा त्या पेटीतून वाजविला. त्याच्या मते तो केवळ कच्चा आराखडा होता. पुढे तेथे तुताऱ्या घालावयाच्या होत्या. तबकडी तशीच बाहेर पडली, जगभर गाजली, आणि त्या वर्षअखेर दुकानांत पेटी शिल्लक राहिली नाही.

इंग्लंडात दुसरी गोष्ट घडत होती. अमेरिकन ध्वनिवर्धक तेथे फार महाग पडत. लंडनच्या हॅनवेल भागात ढोलाचे दुकान चालविणाऱ्या जिम मार्शलने आपल्या तंत्रज्ञांकरवी १९६२ साली फेंडरच्याच एका यंत्राची नक्कल करविली. व्हॉल्व्ह, रोहित्र, लाउडस्पीकर इंग्लंडात मिळतील ते घातले. या अडल्यानडल्या बदलांमुळे नक्कल अस्सलाहून निराळी बोलू लागली. अधिक लवकर फाटू लागली. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या वृंदाबरोबर मुद्रण करताना मार्शलचे यंत्र पूर्ण जोरात ठेवण्याचा हट्ट धरला. त्याच्या हातातील लेस पॉल जातीची गिटार तर खपत नाही म्हणून गिब्सनने काही वर्षांपूर्वीच बंद केलेली होती. १९५८ ते १९६० या काळातील त्या जातीच्या तांबूस झळाळीच्या गिटारी दीड हजारांच्या आसपासच बनल्या. आज त्यांतील एकेकीला लाखो डॉलर मोजणारे लोक आहेत. ज्या वस्तूकडे तिच्या काळाने पाठ फिरविली तीच पुढे पूज्य ठरावी, याचे आम्हांला नवल वाटत नाही. नवल वाटते ते किमतीचे.

पैसा नसलेल्यांनी काय केले, याचाही एक दाखला देतो. १९६३ च्या ऑगस्टमध्ये ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार घडविण्यास घेतली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, दांडीवरच्या खुणा आईच्या मोत्याच्या शिंपल्याच्या बटणांच्या. वडील विद्युत्-रेखाटनाचे काम करणारे, त्यामुळे हिशेब चोख. हीच गिटार त्याने पुढे क्वीन या वृंदात जन्मभर वाजविली, आणि २००७ मध्ये खगोलशास्त्रात डॉक्टरेटही मिळविली. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी घरातला फारुख बलसारा. तो आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. पाचगणीच्या वाटेने जाणाऱ्या किती मंडळींना हे ठाऊक असेल?

येथवरच्या इतिहासात कोणी काही लपविले नाही. फेंडर आपल्या यंत्राचा नकाशा यंत्राबरोबरच देत असे. म्हणून तर मार्शलला नक्कल सुलभ झाली. पुढे मात्र वारे बदलले. कॅलिफोर्नियाचा अलेक्झांडर डंबल एकेका वादकाचा हात ऐकून त्याच्यापुरता ध्वनिवर्धक बांधी आणि आतील जोडणी राळेसारख्या लेपाने बुजवून टाकी. तो २०२२ साली वारला. जन्मभरात त्याने काही शेच यंत्रे केली. बिल फिनेगन याने १९९४ पासून 'क्लॉन सेंटॉर' हे पेडल हाताने बनविले, सुमारे आठ हजार, आणि त्यावरही काळा लेप दिला. जुन्या खाँसाहेबांनी चीज शिष्यालाही पुरी न देता उराशी धरावी, तसलाच हा प्रकार. आमच्याकडे भातखंडे निघाले आणि त्यांनी चिजा छापून सर्वांना मोकळ्या केल्या. तिकडे हौशी मंडळींनी लेप खरवडून, एकेक भाग मोजून, नकाशा जगजाहीर केला. नकला शेकड्यांनी निघाल्या, तरीही मूळ पेडलची किंमत हजारो डॉलरांवर गेली. फिनेगनने २०१२ साली काढलेल्या नव्या पेडलवर तर हा सारा गाजावाजा आपण केलेला नाही, अशा अर्थाचे वाक्यच छापून टाकले. आमच्या मते लपविण्याचा हक्क कारागिराला आहे. त्याचे पोट त्यावर चालते. पण ज्या विद्येचा जन्मच दुसऱ्याच्या यंत्राची नक्कल आणि दुसऱ्याच्या यंत्रातील बिघाड यांतून झाला, तिच्यावर कुलूप लावताना थोडा संकोच व्हावयास हरकत नव्हती.

आता संगणकाने जुन्या यंत्राची फाटणी मोजून हुबेहूब उतरविणारी यंत्रे आली आहेत. तरी व्हॉल्व्ह गेला नाही. रेडिओतून, दूरचित्रवाणीतून तो केव्हाच हद्दपार झाला. गिटारवाल्यांनी त्याला धरून ठेवले. जगात तो बनविणारे मोठे कारखाने आता मोजकेच उरले आहेत : रशियात साराटोव्ह येथे, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. साराटोव्हचा कारखाना न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांच्या हाती आहे. यांनीच १९६८ साली पेडल बनविणारी इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही कंपनी काढली. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा त्यांत हे व्हॉल्व्हही अडकले. काही काळाने माल पुन्हा सुटला, पण दरम्यान भाव चढले होते, आणि देशोदेशींचे वादक जुन्या रेडिओवाल्यांच्या अडगळीत व्हॉल्व्ह शोधीत हिंडत होते.