'इमरोज'चा संपादक

दरवर्षी 17 सप्टेंबरला आम्ही जालनेकर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला जमतो. भाषणांत रझाकारांच्या अत्याचारांचा उल्लेख येतो, आणि तो यायलाच हवा. पण ऐकणाऱ्या पोरांचा समज होतो, की तो लढा हिंदू आणि मुसलमान यांच्यातला होता. अशा वेळी मला एक नाव हटकून आठवते : शोएबुल्ला खान.

तेव्हा जालना हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. वर्तमानपत्रांवर सरकारची करडी नजर असे. आनंद कृष्ण वाघमारे यांनी 1938 मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढले, ते पुण्याहून. संस्थानात बंदी आली, की ते दुसऱ्या नावाने निघे. मराठी पत्राला निदान पुण्याचा आसरा होता. हैदराबादेत बसून उर्दूत लिहिणाऱ्याला तोही नव्हता.

शोएबुल्ला तिथेच बसून लिहीत होते. आधी ते 'रय्यत'मध्ये होते. निजाम सरकारने ते पत्र बंद पाडले. मग नोव्हेंबर 1947 मध्ये त्यांनी 'इमरोज' सुरू केले. इमरोज म्हणजे 'आज'. संस्थान भारतात विलीन व्हावे, रझाकारांची दांडगाई थांबावी, असे हा तरुण उघडपणे लिहीत होता. ऑगस्ट 1948 मध्ये सात मुस्लिम गृहस्थांनी हीच मागणी करणारे निवेदन काढले, तेही त्यांनी छापले. सह्या करणाऱ्यांत फरीद मिर्झा होते. रझाकारांच्या जुलमाचा निषेध म्हणून नांदेड भागातली सरकारी नोकरी सोडून आलेले हे अधिकारी.

रझाकारांचे पुढारी कासिम रझवी हे लातूरचे वकील. विरोधात उठणारे हात छाटले जातील, अशी धमकी त्यांनी जाहीर सभेत दिली. त्यानंतर काही दिवसांतच, 21 ऑगस्टच्या मध्यरात्री, कचेरीतून घरी परतणाऱ्या शोएबुल्लांना रस्त्यात गाठले. गोळ्या घातल्या, आणि ज्या हाताने ते लिहीत तो हातही तोडला. सोबतच्या मेहुण्यालाही जबर जखमी केले. शोएबुल्लांचे वय 27 होते. चार आठवड्यांच्या आत, 17 सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली.

कथा इथे संपवली तर ती अर्धीच राहील. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. चौकशीसाठी पंडित सुंदरलाल समिती नेमली गेली. तिचा अहवाल मात्र कित्येक दशके दडवून ठेवला गेला. निजामाला जसा छापील कागद सोसला नाही, तसा नव्या सरकारलाही तो सोसला नाही. दोन्ही गोष्टींचे वजन सारखे नाही, हे मी जाणतो. पण खरे बोलले गेले, की खुर्चीची चुळबुळ सुरू होते, मग तिच्यावर कोणीही बसलेला असो.

मी मुसलमान, लिहितो मराठीत. शोएबुल्ला मला आपले वाटतात ते धर्मामुळे नव्हे. आपल्याच माणसांच्या जुलमाविरुद्ध, आपल्याच भाषेत, आपल्याच शहरात राहून लिहिणे सर्वांत कठीण असते. त्यांनी ते केले. पुढच्या 17 सप्टेंबरला जालन्याच्या व्यासपीठावरून स्वामी रामानंद तीर्थांबरोबर त्यांचेही नाव घेतले जावे, एवढेच माझे मागणे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)