आठवड्याचे हजार डॉलर : सराव पथकातील खेळाडूच्या कराराचा इतिहास

१/
आजच्या धाग्याची सुरुवात एका टॅक्सी कंपनीपासून. १९४० च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात आर्थर ‘मिकी’ मॅकब्राइड यांचा टॅक्सीचा मोठा व्यवसाय होता. ‘क्लीव्हलंड ब्राउन्स’ या फुटबॉल संघाचे मालकही तेच. प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना काही जादा खेळाडू हाताशी हवे होते. परंतु संघाच्या अधिकृत यादीत जागा नव्हती. तेव्हा या खेळाडूंची नावे टॅक्सी कंपनीच्या पगारपत्रकावर घालण्यात आली. टॅक्सी त्यांनी चालवली नाही. ते सराव करीत आणि बोलावण्याची वाट पाहत.

२/
येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हाताने फेकून, कवटाळून पळण्याचा अमेरिकी खेळ. त्या युक्तीमुळे अशा राखीव खेळाडूंना ‘टॅक्सी स्क्वॉड’ हे नाव पडले आणि ते अनेक वर्षे टिकले. आज त्याला ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’, म्हणजे सराव पथक म्हणतात. नाव बदलले, पण एक प्रश्न कायम राहिला : या खेळाडूच्या श्रमाची किंमत कोणी ठरवायची? याच प्रश्नावरचा एक वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

३/
आधी या खेळाडूचे काम समजून घेऊ. येत्या रविवारी ज्या संघाशी गाठ आहे, त्या संघाची सोंगे आठवडाभर सरावात वठवायची, हे त्याचे मुख्य काम. प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक जसा चेंडू फेकतो तसा फेकायचा, त्याचा बचावपटू जसा धडकतो तसे धडकायचे. अंगावर मार तोच, घाम तोच. मात्र सामन्याच्या दिवशी बहुधा गणवेश चढवायचा नाही. संघाचा म्हणावा तर यादीत नाव नाही. बाहेरचा म्हणावा तर रोज मैदानावर हजर.

४/
आता १९८७ कडे वळू. राष्ट्रीय फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करार त्या वर्षी संपला. खेळाडूंनी संप पुकारला. मालकांनी बदली खेळाडू उभे करून सामने चालू ठेवले आणि २४ दिवसांत संप मोडला. नवा करार झाला नाही. वाटाघाटी मात्र रेंगाळत राहिल्या. खेळाडूला मनाजोगता संघ निवडता यावा, ही त्यातील मोठी मागणी होती.

५/
या वाटाघाटी चालू असतानाच, मार्च १९८९ मध्ये, लीगने एक योजना मंजूर केली. प्रत्येक संघाने जास्तीत जास्त सहा नवोदितांचे ‘विकास पथक’ ठेवावे. ज्यांना कोणत्याही संघाच्या मुख्य यादीत जागा मिळाली नाही, असे हे तरुण. त्यांनी सराव करावा आणि कोणी जखमी झाल्यास प्रसंगी मैदानात उतरावे. पुढच्या महिन्यात योजना संघटनेपुढे आली, तेव्हा वेतनाचा आकडाही पुढे आला : प्रत्येकाला आठवड्याला सरसकट १,००० डॉलर.

६/
संघटनेने नकार दिला. तिचे म्हणणे साधे होते. मुख्य यादीतील प्रत्येक खेळाडू आपल्या वेतनाची बोलणी स्वतः करतो. मग या मुलांनाच वेगळा न्याय का? त्यांनाही तेच लाभ, तेच संरक्षण आणि स्वतःची किंमत स्वतः मागण्याची मुभा हवी. दोन महिन्यांत बोलणी खुंटली. लीगने संघटनेच्या संमतीवाचून योजना अमलात आणली आणि सर्व संघांना एकच छापील करार पाठवला.

७/
त्यासोबत एक ताकीदही होती. जो संघ या खेळाडूला हजार डॉलरहून कमी किंवा अधिक देईल, त्याच्यावर कारवाई होईल. महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याचा हक्कसुद्धा गमवावा लागू शकेल. येथे क्षणभर थांबा. कमी दिल्यास शिक्षा, हे समजते. अधिक दिल्यासही शिक्षा का? त्या काळी लीगमध्ये २८ संघ होते. एखाद्या गुणी पोराला कोणी दीड हजार देऊ केले असते, तर उरलेल्या २७ संघांनाही हात सैल सोडावा लागला असता. ती वाटच बंद करण्यात आली.

८/
एरवी स्पर्धक असलेल्या व्यावसायिकांनी संगनमताने भाव बांधणे अमेरिकेत १८९० च्या शर्मन कायद्याने गुन्हा ठरते. मे १९९० मध्ये विकास पथकांतील २३५ खेळाडूंनी याच मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. पहिल्या वादीच्या नावावरून तो ‘ब्राउन विरुद्ध प्रो फुटबॉल’ म्हणून ओळखला जातो. ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. अशा दाव्यात नुकसानभरपाई तिप्पट होते. ती रक्कम ३ कोटी डॉलरच्या वर गेली.

९/
परंतु नाण्याला दुसरी बाजू होती, आणि ती पोकळ नव्हती. १९३५ चा कामगार संबंध कायदा सांगतो की मालक व संघटना यांनी एकत्र बसून वेतन ठरवावे. अनेक मालक मिळून एकाच संघटनेशी बोलतात, तेव्हा वेतनावर आपापसांत चर्चा करणे त्यांना भागच असते. त्या चर्चेलाच संगनमत म्हटले, तर सामूहिक वाटाघाट अशक्य होईल. म्हणून न्यायालयांनी अशा वाटाघाटींना मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली होती. प्रश्न एवढाच उरला : बोलणी फिसकटल्यावरही ती सूट टिकते का?

१०/
१९९५ मध्ये अपील न्यायालयाने ज्यूरीचा निर्णय फिरवला. २० जून १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो फेरबदल कायम केला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी लिहिला. त्यांचा मुद्दा असा : बोलणी खुंटल्यावर मालकांनी आपला शेवटचा प्रस्ताव लागू करणे ही कामगार कायद्याने मानलेली रीत आहे. ते एकत्र केले म्हणून खटला होणार असेल, तर मालकांची दोन्हीकडून कोंडी होते. अशा पेचावर देखरेख कामगार कायद्याने ठेवावी, तिप्पट भरपाईच्या दाव्यांनी नव्हे.

११/
एकटे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स विरोधात उभे राहिले. या धंद्यात वेतन प्रत्येक खेळाडूने स्वतः ठरवायचे, हीच रीत होती. संघटनाही तीच रीत राखू पाहत होती. मालकांनी ती मोडली ती बाजारातील स्पर्धा टाळून वेतन खाली ठेवण्यासाठी. कामगारांच्या रक्षणासाठी जन्मलेली सूट येथे कामगारांवरच उलटली, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा.

१२/
याच काळातील दुसरी घटना शेजारी ठेवून पाहा. १९८९ च्या अखेरीस संघटनेने वाटाघाटीचे आपले पद सोडून दिले. संघटनाच नाही, तर वाटाघाटीची सूटही नाही, हा त्यामागील डाव. धावपटू फ्रीमन मॅकनील आणि इतर सात जणांनी लीगवर दावा लावला आणि १९९२ मध्ये ज्यूरीने लीगचे निर्बंध बेकायदा ठरवले. १९९३ च्या करारात अनुभवी खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले, त्याबरोबर वेतनाची एकूण मर्यादाही आली. नावाजलेल्यांनी दार उघडून घेतले. हजार डॉलरवाल्या २३५ जणांच्या पदरी मात्र तीन वर्षांनी पराभव पडला.

१३/
तरीही त्यांच्या खटल्याचे नाव विसरले गेले नाही. संघटना विसर्जित झाल्यास सूट संपू शकते, असे सूचित करून ब्रायर यांनी एक फट उघडी ठेवली होती. मार्च २०११ मध्ये नव्या कराराची बोलणी फिसकटताच खेळाडूंनी संघटनेचे पद पुन्हा सोडले आणि टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, ड्रू ब्रीझ यांच्यासह दहा जणांनी त्याच दिवशी दावा ठोकला. मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. जुलैअखेर नवा करार झाला. लक्षावधी डॉलर कमावणाऱ्या या ताऱ्यांची चाल ठरली ती सराव पथकातील पोरांच्या पराभवामुळे.

१४/
आणि ती पोरे? त्यांच्या वारसांचे वेतन वाढले, पण वाटाघाटीच्या मेजावर. २०२० मध्ये नवोदिताला आठवड्याला ८,४०० डॉलर मिळत. २०२४ मध्ये १२,५००. अठरा आठवडे टिकला तर २,२५,००० डॉलर. आपल्याला ही रक्कम डोळे दिपवणारी वाटेल. त्याच वर्षी मुख्य यादीतील नवख्याचे किमान वेतन मात्र ७,९५,००० डॉलर होते. मैदान एक, मार एक, आणि मोबदला एक तृतीयांशाहून कमी.

१५/
कराराचे स्वरूपही तसेच. संघ त्याला केव्हाही घरी पाठवू शकतो. तो टिकला नाही, तर पुढच्या आठवड्याचे पैसे नाहीत. आकडा मोठा असला तरी हे हातावरचेच पोट. बदल्यात एक हक्क त्याच्याकडे आहे : दुसऱ्या संघाने मुख्य यादीत जागा देऊ केली, तर तो जाऊ शकतो. २०२० पासून सामन्याच्या आठवड्यापुरते त्याला मुख्य संघात घेण्याची सोयही झाली.

१६/
या वाटेने कोणी वर जात नाही, असे नाही. एरियन फॉस्टरला २००९ मध्ये कोणत्याही संघाने निवडले नव्हते. ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला सराव पथकात ठेवले. पुढच्याच हंगामात १,६१६ यार्ड धावून तो लीगमध्ये अव्वल ठरला. असे खेळाडू मोजके. बाकीच्यांची नावे स्मारकांवर नाहीत. पण अमेरिकेतील कोणत्याही उद्योगात बोलणी फिसकटल्यावर मालक एकत्र येऊन वेतन ठरवू लागले, की वकिलांना आजही तोच खटला उघडावा लागतो, ज्याची सुरुवात आठवड्याच्या हजार डॉलरवरून झाली होती.