विवाहविधी चालविण्याचा अधिकार : ख्रिस्तसभेचे नियम आणि देशाचा कायदा

विवाह ठरला की सभागृह, बँड, जेवणावळ आणि पत्रिका यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. मात्र वेदीपुढे वधू-वरांची संमती स्वीकारणाऱ्या धर्मगुरूंना तो विधी चालविण्याचा अधिकार कोठून मिळतो, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. गुरुदीक्षा झालेली असली की कोणताही धर्मगुरू कोठेही विवाह लावू शकतो, अशी अनेकांची समजूत आहे. ती बरोबर नाही. या विषयात ख्रिस्तसभेची धर्मसंहिता आणि भारताचा कायदा या दोहोंचे नियम पाळावे लागतात. त्यांतील उणीव विवाहाच्या वैधतेलाच बाधा आणू शकते.

धर्मसंहिता काय सांगते?

लॅटिन ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार विवाह संस्कार वधू-वर स्वतःच परस्परांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या नावाने त्यांची संमती विचारतात व स्वीकारतात. मध्ययुगात साक्षीदारांवाचून गुप्तपणे होणाऱ्या विवाहांमुळे अनेक स्त्रियांवर व मुलांवर अन्याय होत असे. त्याला आळा घालण्यासाठी ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ साली 'तामेत्सी' हे फर्मान काढून धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. १९०७ च्या 'ने तेमेरे' या आदेशाने हा नियम अधिक व्यापक झाला आणि १९८३ च्या विद्यमान धर्मसंहितेतही तो कायम आहे.

कलम ११०८ नुसार धर्मप्रांताचे बिशप, धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू, अथवा या दोघांपैकी एकाने अधिकार दिलेले धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासमोर, दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत झालेला विवाहच वैध ठरतो. प्रमुख धर्मगुरूंचा हा अधिकार त्यांच्या धर्मग्रामाच्या सीमेपुरताच असतो (कलम ११०९). शेजारच्या धर्मग्रामात गेल्यावर त्यांनाही तेथील प्रमुख धर्मगुरूंकडून अधिकार घ्यावा लागतो.

आपल्याकडे वधूचे काका, वराचे मामा किंवा कुटुंबाचे स्नेही असलेले धर्मगुरू विवाहासाठी बाहेरगावाहून येतात. ही आनंदाची गोष्ट आहे; पण नेमकी येथेच दक्षता हवी. कलम ११११ प्रमाणे असा अधिकार विशिष्ट व्यक्तीला स्पष्ट शब्दांत द्यावा लागतो. एकाच विवाहासाठी असल्यास त्या विवाहाचा निर्देश हवा. सर्वसाधारण अधिकार असल्यास तो लेखी हवा. पाहुणे धर्मगुरू मिस्सा अर्पण करू शकतात, प्रवचन करू शकतात. परंतु अधिकार नसताना त्यांनी संमती स्वीकारल्यास विवाह सामान्यतः अवैध ठरतो. अशा विवाहाचे नंतर वैधीकरण करता येते, पण तोपर्यंतचा मनस्ताप कुटुंबाला भोगावा लागतो. अधिकारपत्र मिळाले नसेल, तर पाहुण्या धर्मगुरूंनी मिस्सा अर्पण करावी आणि संमती मात्र स्थानिक प्रमुख धर्मगुरूंनी स्वीकारावी, हा सोपा मार्ग आहे.

वधू किंवा वर सिरो-मलबार अथवा अन्य पौर्वात्य ख्रिस्तसभेचे असतील, तर आणखी एक नियम लागू होतो. पौर्वात्य परंपरेत धर्मगुरूंचा आशीर्वाद विवाहविधीचा आवश्यक भाग असल्यामुळे अशा विवाहाला डीकन पुरेसे नसतात, धर्मगुरूच हवेत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी लॅटिन धर्मसंहितेतही तशी स्पष्ट तरतूद केली.

देशाचा कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात ख्रिस्ती विवाहांना भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ लागू आहे. वधू-वरांपैकी एकजण जरी ख्रिस्ती असला तरी या अधिनियमाखाली विवाह लावता येतो. कलम ५ मध्ये विवाह कोण लावू शकतो, याची यादी आहे. बिशपांच्या हातून दीक्षा मिळालेली व्यक्ती त्यात प्रथम येते. म्हणून कॅथलिक धर्मगुरूंना सरकारचा वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. मात्र त्याच कलमात एक अट आहे : विवाह त्या धर्मगुरूच्या ख्रिस्तसभेचे नियम, विधी व रूढी यांनुसार झाला पाहिजे. म्हणजेच धर्मसंहितेचे पालन ही कायद्यानेही घातलेली अट आहे.

ज्या पंथांत बिशपांकडून दीक्षा देण्याची परंपरा नाही, त्यांच्या पाळकांना राज्य शासनाचा परवाना लागतो (चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक याला अपवाद आहेत). याशिवाय शासनाने नेमलेले विवाह निबंधकही विवाह लावू शकतात. केवळ स्वतःला 'पास्टर' म्हणविणे किंवा इंटरनेटवरून 'दीक्षेचे' प्रमाणपत्र मिळविणे पुरेसे नाही. अधिकार नसताना विवाह लावणाऱ्यास कलम ६८ नुसार दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो.

वेळ आणि साक्षीदार यांविषयीही कायदा काटेकोर आहे. विवाहविधी सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच व्हावा लागतो. कॅथलिक धर्मगुरूंना याबाहेरच्या वेळेत विधी करावयाचा असल्यास धर्मप्रांताच्या बिशपांचा सर्वसाधारण अथवा विशेष परवाना हवा. किमान दोन विश्वासार्ह साक्षीदार अनिवार्य आहेत. जाणूनबुजून या नियमांचा भंग करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. तेव्हा छायाचित्रांसाठी वरात लांबवून धर्मगुरूंना ताटकळत ठेवू नये.

वयाची अटही देशाच्या कायद्याप्रमाणेच पाळावी लागते : वधूस १८ व वरास २१ वर्षे पूर्ण असली पाहिजेत. देशाचा कायदा मान्य करणार नाही असा विवाह बिशपांच्या परवानगीवाचून लावण्यास धर्मसंहितेनेही मनाई केली आहे (कलम १०७१).

पूर्वीचा विवाह झाला असल्यास

ख्रिस्तसभेच्या न्यायमंडळाने पूर्वीचा विवाह रद्दबातल ठरविला, म्हणजे कायद्यानेही आपण मोकळे झालो, असे काहींना वाटते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशा निर्णयाने देशाच्या कायद्याखालील विवाह संपुष्टात येत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचाच हुकूमनामा लागतो. तो नसताना पुन्हा विवाह केल्यास द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाचा गुन्हा घडतो व त्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. उलट, केवळ न्यायालयीन घटस्फोटाने चर्चमधील विवाहाचा मार्ग खुला होत नाही. म्हणून दोन्ही कागदपत्रे तपासल्यावाचून धर्मगुरू तारीख देत नाहीत.

नोंदणीचे महत्त्व

विधी आटोपताच वधू-वर, धर्मगुरू व साक्षीदार नोंदवहीत सह्या करतात. अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे ही नोंद बिशपांनी ठरविलेल्या नमुन्यात केली जाते आणि तिचे विवरण दर तीन महिन्यांनी महानिबंधकांकडे पाठविले जाते. या नोंदवहीच्या प्रमाणित प्रतीला कलम ८० नुसार न्यायालयात पुरावा म्हणून मान्यता आहे. पासपोर्ट, वारसाहक्क, कुटुंब निवृत्तिवेतन अशा प्रसंगी हाच कागद कामी येतो. पती अचानक निवर्तल्यानंतर चुकीच्या नोंदीपायी विधवेला कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, यासाठी नाव, आडनाव व जन्मतारीख सही करण्यापूर्वीच नीट वाचून घ्यावी. विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही होते. बाप्तिस्मा अन्यत्र झाला असल्यास तेथील प्रमुख धर्मगुरूंना कळविले जाते.

गोव्यात हा अधिनियम लागू नाही. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे वधू-वरांना प्रथम नागरी निबंधकापुढे विवाहाचा इरादा नोंदवावा लागतो. गोव्यात विवाह करू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांनी त्यासाठी पुरेसा अवधी ठेवावा.

विवाहापूर्वी काय पाहावे?

१. तारीख व सभागृह नक्की करण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे.

२. बाप्तिस्म्याचे अलीकडचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिराचा दाखला आणि दुसऱ्या धर्मग्रामातील जोडीदाराची कागदपत्रे वेळेत मिळवावीत.

३. पाहुणे धर्मगुरू येणार असल्यास त्यांचे नाव आधी कळवावे व अधिकारपत्र दिले गेल्याची खात्री करावी.

४. जोडीदार अन्यधर्मीय असल्यास बिशपांची सूट, अन्यपंथीय ख्रिस्ती असल्यास त्यांची परवानगी विवाहापूर्वी घ्यावी.

५. चर्चखेरीज अन्य स्थळी विधी हवा असल्यास बिशपांच्या परवानगीवाचून कोणतेही आगाऊ पैसे भरू नयेत.

धर्मगुरू कागदपत्रांचा आग्रह धरतात, तेव्हा कित्येकांना तो त्रास वाटतो. परंतु उद्या नवदांपत्याच्या विवाहाविषयी चर्चमध्ये अथवा न्यायालयात शंका निघाली, तर त्यांना व त्यांच्या मुलांना याच कागदांचा आधार असतो. आपल्या घरी मंगलकार्य योजिले असेल, तर आजच धर्मग्रामाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा.