स्टिल्बेस्ट्रॉल : एका औषधाचा धडा

स्त्रीच्या बीजकोशांतून ईस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव रक्तांत मिसळतो. गर्भाशय, स्तन इत्यादि अवयवांच्या पेशींत त्यास धरून ठेवणारीं विशिष्ट प्रथिनें असतात. कुलपांत किल्ली बसावी तसा हा स्राव तेथें बसतो आणि पेशींच्या वाढीचें कार्य सुरू होतें. १९२९ सालीं जर्मनींत बुटेनांट व अमेरिकेंत डॉयझी यांनीं गर्भवतींच्या मूत्रांतून अशा प्रकारचें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. परंतु नैसर्गिक ईस्ट्रोजेन पोटांत घेतल्यास यकृत त्याचा बहुतेक भाग निकामी करतें.

१९३८ सालीं लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनीं प्रयोगशाळेंत स्टिल्बेस्ट्रॉल तयार केलें. त्याची घडण निराळी, पण तें त्याच कुलपास लागणारी दुसरी किल्ली ठरलें. त्याचें पेटंट घेतलें गेलें नाहीं. म्हणून तें स्वस्तहि राहिलें. ऋतुनिवृत्तीच्या वेळची अंगाची आग त्यानें शमे. १९४१ सालीं शिकागोच्या हगिन्स यांनीं प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर तें वापरलें. त्या रोगास पोसणारा पुरुषी अंतःस्राव त्यानें दबतो. १९३८ सालींच बर्लिनमध्यें एथिनिल ईस्ट्रॅडायॉल हें दुसरें कृत्रिम द्रव्य सिद्ध झालें. सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळणाऱ्या माला-एन गोळींत तें ०·०३ मिलिग्रॅम असतें. जोडीच्या द्रव्यासह तें बीजकोशांतून बीज सुटूं देत नाहीं.

स्टिल्बेस्ट्रॉलची कीर्ति वाढली, तसें तें गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेंत गर्भवतींसहि दिलें जाऊं लागलें. १९५३ सालीं शिकागोच्या डीकमन यांनीं एका गटास औषध व दुसऱ्यास निरुपद्रवी गोळी देऊन तुलना केली. औषधाचा कांहींच लाभ दिसला नाहीं. तरीहि तें देणें चालूच राहिलें! १९७१ सालीं बोस्टनच्या हर्ब्स्ट यांनीं योनिमार्गाच्या दुर्मिळ कर्करोगानें पीडित अशा आठ तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकीं सात जणींच्या मातांनीं गरोदरपणीं हेंच औषध घेतलें होतें. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें गर्भवतींस तें देऊं नये असा इशारा दिला. आईच्या औषधाचें फळ मुलीस भोगावें लागलें.

तुलनेच्या कसोटीचें मोल धाराशीव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यानेंहि दाखविलें आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें मुख्य कारण औषध नव्हे, तर पॅपिलोमा नांवाचा विषाणु होय. १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र व बार्शीचें नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागानें येथें ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचें चार गटांत निरीक्षण झालें. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : विषाणूच्या एकाच तपासणीनें या रोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यावर येतात. तुलनेच्या गटास ही तपासणी मिळाली नाहीं, म्हणून पुढें वादहि झाला; तो अस्थानीं नव्हता. परंतु शिकागोस कसोटीचें उत्तर हातीं असून तें ऐकलें गेलें नाहीं, हा दोष त्याहून मोठा. या जिल्ह्यांतील स्त्रियांनीं मिळवून दिलेलें उत्तर तसेंच कागदावर राहूं नये, एवढें तरी त्यांचें ऋण समाजावर आहे.